दोराचं दुसरं टोक: देवबाग ते पणजी आणि परत

१९ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला काकांनी खिडकीवर थाप मारली. "बाय, गाडी दुपारची ना तुझी? मगे चल. दोराक माणसा कमी पडतत."

अजून न झालेल्या माझ्या चित्रपटासाठी पैसे उभे करायला मी पणजीला चालले होते. बॅग रात्रीच भरून झाली होती. लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, कुडाळला छापून घेतलेल्या पंचवीस पुस्तिका आणि आईची एक साडी. मी तशीच अनवाणी किनाऱ्यावर गेले.

आमचं देवबाग म्हणजे माडांची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांची गाठ. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ मारून जाळं सोडलं होतं आणि दोराचं दुसरं टोक घेऊन ती किनाऱ्याला लागत होती. दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा लागल्या. किनाऱ्यावरून ओढायचं हे जाळं म्हणजे रापण. ती ओढताना टाचा वाळूत रोवायच्या, दोर कमरेशी घट्ट धरायचा आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. रांगेतला सगळ्यात मागचा माणूस सुक्या वाळूत पोचला की दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्यापाशी येतो आणि पुढचा होतो. मी लहानपणापासून हे पाहत आले, पण कॅमेरा लावून पाहिलं तेव्हा कळलं, की या रांगेत कुणाचीही जागा कायमची नसते.

दोनेक तास ओढल्यावर जाळ्याचा घोळ वाळूवर आला. पेडवे बरे होते, बांगडे थोडे, चार-पाच सौंदाळे. लिलाव तिथेच उभ्याउभ्या झाला. मग वही निघाली. आधी खर्च, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. शेजारची दोन शाळकरी मुलं शेवटची दहा मिनिटं दोराला लोंबकळली होती. त्यांच्याही पिशवीत मूठभर पेडवे पडले. "दोराक ज्याचो हात लागलो, तेका कालवणापुरती मासळी गावूक व्हयी," असं काका म्हणतात. माझा चित्रपट या वहीचाच आहे. नवरा गेल्यावर वाट्यांची वही सांभाळणारी एक साठीची बाई, आणि समुद्रात दिवे लावून मासे पकडणाऱ्या ट्रॉलरवर कामाला लागलेला तिचा मुलगा.

पाय धुताना काकांनी विचारलं, "थंय तुका बोलूक किती वेळ गावतलो?"

"पाच मिनिटं."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोर ओढूकच दोन तास लागतत गो."

दुपारी कुडाळहून कोकण रेल्वे. हा लोहमार्ग १९९८ साली पुरा झाला. त्याआधी आमच्याकडची माणसं गोव्याला एसटीनेच जायची, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी, नाटकाच्या प्रयोगांसाठी. सावंतवाडी गेलं, बोगदे गेले, थिवी गेलं, आणि करमळीच्या अलीकडे गाडी मांडवीच्या पुलावर आली. खाली खारफुटी आणि पाण्यात उरलेला जरासा तांबूस उजेड. चित्रपटाच्या कामासाठी मी मुंबईला शंभर वेळा गेले असेन. पण आपली गोष्ट घेऊन दक्षिणेकडे, आपल्याच किनाऱ्याने, पहिल्यांदाच चालले होते, आणि त्यामुळे धीर वाटत होता.

माझी निर्माती पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आली होती. कॉलेजपासूनची मैत्रीण. ताळगावात एक खोली घेतली. रात्री दीडपर्यंत आम्ही अंदाजपत्रकाच्या ओळी तपासत होतो.

२० नोव्हेंबर

सकाळी पोदेराच्या भोंग्याने जाग आली. सायकलवर पाव घेऊन येणारा हा माणूस गोव्याचं घड्याळ आहे. चहा-पाव खाऊन निघालो.

आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, १९५२ साली मुंबईत सुरू झाला, आणि २००४ पासून त्याचं बिऱ्हाड पणजीत आहे. अलीकडे बहुधा २० ते २८ नोव्हेंबर. मांडवीच्या काठावर जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत कचेरी, शेजारी चित्रपटगृहं, पुढे कांपालला चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी. ओळखपत्रासाठी रांगेत उभी असताना मी त्या जुन्या इमारतीच्या जाड भिंतीला हात लावून पाहिला. इथलं वैद्यकीय शिक्षण १८४२ पासूनचं. हॉस्पिटल बांबोळीला हलण्यापूर्वी माझ्या आजोबांना याच इमारतीत आणलं होतं, आणि आजी बाहेर झाडाखाली तीन रात्री बसून होती. ती झाडं कोणती ते आता सांगायला कुणी नाही.

आमचं काम मात्र महोत्सवात नव्हतं, फिल्म बाजारात होतं. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये तो सुरू केला. मिरामारच्या हॉटेलात, खाडीच्या तोंडाशी भरतो. महोत्सवात पुरे झालेले चित्रपट दाखवतात, बाजारात अजून न झालेले चित्रपट उभे राहतात. कुणाकडे फक्त पटकथा असते, कुणाकडे अर्धवट संकलन, कुणाकडे पुरा चित्रपट पण गिऱ्हाईक नाही. सहनिर्मितीसाठी थोडेसेच प्रकल्प निवडतात, त्यात आमचा होता. दिवसभर ओळखी, हस्तांदोलनं, पुस्तिका. फारसं सांगण्याजोगं काही घडलं नाही.

२१ नोव्हेंबर

आज सगळ्यांसमोर बोलायचं होतं. आईची साडी नेसले.

सादरीकरणाची पद्धत सोपी आहे. दोनेक मिनिटांची चित्रफीत दाखवायची, मग दिग्दर्शकाने गोष्ट सांगायची आणि निर्मात्याने पैशाचं: एकूण खर्च किती, हातात किती, अजून किती हवेत आणि कुणाकडून. समोर दीड-दोनशे माणसं. महोत्सवांचे निवडकर्ते, परदेशी निर्माते, विक्री करणारे, वाहिन्यांचे लोक.

आमची चित्रफीत सुरू झाली. काकांच्या हातांचा अगदी जवळून घेतलेला तुकडा आहे त्यात. दोराने कापलेली, मिठाने पांढुरकी झालेली बोटं. लाटा ऐकू आल्या, वारा आला, घारीची शीळ आली. पण काका बोलायला लागले तेव्हा त्यांचे नुसते ओठ हलले.

पाच सेकंदांत माझ्या लक्षात आलं. सभागृहासाठी साध्या स्टिरिओची प्रत द्यायची होती, मी रात्रीच्या घाईत ५.१ ची, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीची दिली. त्या मिश्रणात माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरच्या वाहिनीत असतं, आणि समुद्र, वारा डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेला असतो. इथे डावी-उजवी तेवढीच वाजत होती. समुद्र पूर्ण होता, आणि माणसं त्यातून नाहीशी झाली होती.

मी माइक उचलला आणि काकांचं बोलणं त्यांच्या ओठांबरोबर मालवणीत म्हणायला लागले. ती वाक्यं मीच कापून जुळवली होती, श्वासासकट पाठ होती. "ह्यो दोर माझ्या बापाशीन धरलो. तेच्या आधी तेच्या बापाशीन. समुद्राक मालक नाय. जाळ्याक आसा, होडयेक आसा, समुद्राक नाय." चित्रफीत संपल्यावर तेच इंग्रजीत सांगितलं. मग आखलेलं भाषण बाजूला ठेवून मी एवढंच बोलले: आत्ता तुम्हाला जे ऐकू आलं नाही, तेच नाहीसं होतंय, आणि मला ते चित्रपटात ठेवायचंय. हात थरथरत होते. ठरवून केलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं, आणि मला वाटतं, म्हणूनच लोकांनी ऐकलं.

निर्मातीने पैशाचं नीट सांगितलं. दोन कोटी चाळीस लाखांचा चित्रपट, बावीस टक्के जमलेले.

संध्याकाळी काकांना फोन केला, आवाजाचं सांगितलं. "मगे तूच बोललंस?" "होय." पलीकडे बराच वेळ नुसता समुद्र ऐकू येत होता. "बरा केलंस," ते म्हणाले.

२२ नोव्हेंबर

भेटींचा दिवस. एकेका टेबलावर अर्धा तास, की पुढचं टेबल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ भेटी झाल्या. घरी बसून पटकथा लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न जवळजवळ सगळे विचारतात: ही गोष्ट आत्ताच का? मी तीन दिवसांपूर्वी आलेल्या जाळ्याचं सांगितलं. यांत्रिक होड्यांना पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. पण पर्ससीन जाळी थव्याला गोल वेढा घालून खालून पिशवीसारखी आवळतात, आणि किनाऱ्याकडे येणारा थवा बाहेरच उचलला जातो. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध आणले. दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. कागदावर दोन्ही आहेत. तरी रात्री आमच्या ओटीवरून क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. ही रांग मी चित्रपटात दाखवणार आहे, आणि त्यातल्या एका दिव्याखाली त्या बाईचा मुलगा आहे. त्याला मी खलनायक करणार नाही. त्याला पगार मिळतो, रापणीत तो मिळत नव्हता.

दुसरा प्रश्न: तुम्हाला कुणाकडून नेमकं काय हवंय? इथे बरेच जण अडखळतात, कारण "पैसे" हे उत्तर नाही. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स निधी पटकथेच्या टप्प्यावरही मदत करतो. 'कोर्ट'ला तो मिळाला होता, आणि २०१४ मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला. मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयातली ती मराठी गोष्ट जगात पोचली, ती गोष्टीच्या बळावर, पण त्या बळाला वेळेवर हात लागला होता. फ्रान्सच्या निधीसाठी तिथला सहनिर्माता लागतो, आणि मदतीतला मोठा हिस्सा तिथेच खर्च करावा लागतो. म्हणजे आवाजाचं मिश्रण, रंगकाम तिकडे. कालच्या प्रकारानंतर मला आवाजासाठी चांगला माणूस हवाच होता! म्हणून एका फ्रेंच निर्मातीबरोबरची भेट मला सगळ्यात मोलाची वाटली. तिने पुस्तिकेतली चित्रं पाहिलीच नाहीत, सरळ अंदाजपत्रकाचं पान उघडलं.

तिसरा प्रश्न तिथेच आला. आमच्या अंदाजपत्रकात एक ओळ आहे: रापण संघाचा वाटा, नफ्याच्या आठ टक्के. चित्रीकरणाची मजुरी, होडीचं भाडं हे वेगळं, रोख. हा वाटा त्यावर. तिने त्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?" आधीच्या दोन टेबलांवर हीच ओळ काढा म्हणून सल्ला मिळाला होता. गावाला एकरकमी रक्कम द्या, कागद करा, मोकळे व्हा. नफ्यात पन्नास माणसांचा संघ असला की करार अवघड होतात, गुंतवणूकदार बिचकतात.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. चित्रपटाचा पैसा परत येतो त्याचा एक ठरलेला क्रम असतो. विकणाऱ्याचं कमिशन आधी, मग त्याचा जाहिरात-प्रवासाचा खर्च, मग त्याने आगाऊ दिलेली हमीची रक्कम, मग गुंतवणूकदार, आणि हे सगळं फिटलं तर नफा. बऱ्याच लहान चित्रपटांत शेवटच्या पायरीपर्यंत पैसा पोचतच नाही. तेव्हा आठ टक्के म्हणजे कदाचित शून्याचे आठ टक्के. मग ती ओळ ठेवण्याचा हट्ट का?

मी तिला दोराच्या रांगेचं सांगितलं. मुलांच्या पिशवीतल्या पेडव्यांचं सांगितलं. ज्या गोष्टीचा गाभाच वाटणी आहे, ती गोष्ट घेऊन जाताना त्या माणसांना मजूर म्हणून मोजायचं, हे मला जमणार नाही, असं म्हटलं. तिने पेन्सिलने त्या ओळीला गोल केला आणि पुस्तिका स्वतःच्या पिशवीत घातली. ना होकार, ना नकार.

२३ नोव्हेंबर

घसा बसला. सकाळच्या दोन भेटी निर्मातीने एकटीने केल्या.

दुपारी मी बेतीच्या फेरीबोटीत बसून पलीकडे गेले आणि त्याच बोटीने परत आले. पायी माणसाला तिकीट नाही. कोळणी, शाळेची मुलं, दोन पाहुणे निर्माते गळ्यात ओळखपत्रं घालून. पलीकडच्या खानावळीत शीत-कडी, तळलेल्या मुड्डुश्या आणि तिसऱ्या खाल्ल्या. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, "तूं खंयची?" देवबाग म्हटल्यावर त्यांनी सोलकढी पुन्हा भरली. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं.

रात्री आमचं दोघींचं वाजलं, त्याच ओळीवरून. ती म्हणाली, "तुला संघाला न्याय द्यायचाय की स्वतःच्या मनाला? दीड वर्ष मी घर गहाण टाकायच्या गोष्टी करतेय. माझा वाटा कुठल्या पायरीवर आहे, ते तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तिचं नाव निर्माती म्हणून पहिल्या पानावर आहे, आणि वाट्यांच्या पानावर ती कुठेच नव्हती. मी माफी मागितली. मग दोघींनी ते पान पहिल्यापासून लिहायला घेतलं. तिचा वाटा आला, छायालेखकाचा आला, संघाचा सहा टक्क्यांवर आला. महाराष्ट्र शासनाचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३०, पण ते चित्रपट पुरा झाल्यावर. ते मिळालं तर आधी कुणाचं देणं फेडायचं, तेही लिहिलं. पहाटे तीन वाजले. या चार दिवसांतलं सगळ्यात खरं काम त्या खोलीत झालं.

२४ नोव्हेंबर

बाजाराचा शेवटचा दिवस. बक्षिसं जाहीर झाली, आमचं नाव त्यात नव्हतं. वाईट वाटलं. ते लपवण्यासारखं काही नाही.

निघताना फ्रेंच निर्माती दारात भेटली. गोल केलेली ओळ ती विसरली नव्हती. म्हणाली, वाटा ठेवा, माझी हरकत नाही. पण हिशोब कसा दाखवणार ते एका पानात लिहून पाठवा. पटकथेचा पुढचा मसुदा झाला की मला आधी द्या. एवढंच. करार नाही, रक्कम नाही. तरीही निर्मातीने गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि दोन मिनिटं रडली.

मी मुद्दाम किनाऱ्याने जाऊ म्हटलं. पणजीचा अटल सेतू, म्हापसा, पेडणे, किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, मग शिरोडा. शिरोड्याला मिठागरांपाशी थांबलो. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह इथे झाला होता. पावसाचं पाणी अजून आगरांत साचलेलं, बगळे उभे. तिने पुण्यात वाढून हे कधी पाहिलं नव्हतं. मग वेंगुर्ले, परुळे आणि उतरत उतरत कोरजाई. तिथे गाडी लावून कर्लीतून होडीने देवबागला आलो. पुलावरून फेरा मारून येता आलं असतं, पण मला तिला या बाजूने आणायचं होतं. चित्रपट इथूनच सुरू होतो.

आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवण झाल्यावर काका ओटीवर बसले आणि म्हणाले, "वाच."

मी वाट्यांचं नवं पान मराठीत वाचून दाखवलं. कमिशन, खर्च, हमी, गुंतवणूक, मग आम्ही. मध्येमध्ये ते थांबवायचे. "हो खर्च कोण सांगता?" विकणारा सांगतो. "तुमका दिसता?" कागद येतो वर्षातून एक-दोनदा. "इंग्रजीत?" हो.

त्यांनी विडी पेटवली. "खर्च आमी पण आधीच काढतो. डिझेल, बरफ, जाळा शिवूचा. तेचा कोणाक कायच वाटणा नाय. पण सगळ्यांसमोर काढतो. वाळयेर. वही उघडी ठेवन." मग निर्मातीकडे वळून, तिला समजावं म्हणून सावकाश मराठीत: "सहा टक्के द्या नाहीतर चार द्या, ताई. वही वाचून दाखवा."

तिने मान हलवली आणि लॅपटॉप पुढे ओढला. ते एक पान आम्ही तिथेच लिहिलं: दरवर्षी परतीचा हिशोब मराठीत करून रापण संघाच्या बैठकीत वाचला जाईल. शून्य असला तरी वाचला जाईल. क्षितिजावर दिव्यांची रांग लागली होती. मेल दोनदा अडकला, तिसऱ्यांदा गेला.

काका उठले. "होडी पाचाक सुटतली," जाता जाता निर्मातीला म्हणाले, "तुमी पण येवा. माणसा कमी पडतत."

ती खिडकीजवळच्या खाटेवर झोपली.